साडूंची इंग्रजी गीतमाला

आमच्या साडूंइतका कट्टर इंग्रज आता इंग्लंडातही सापडायचा नाही. जन्म सांगलीचा, नोकरी सिंगापुरात एका बँकेच्या आयटी विभागात, मुक्काम मरीन परेडच्या कॉन्डोत. पण मनाने हा गृहस्थ कुठल्याशा इंग्रजी खेड्यात मेंढ्यांमागे हिंडत असतो. निमित्त एवढंच, की एकदा एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, त्यांच्या कानात एक गीतमाला शिरली. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा इंग्रज संगीतकाराने एका कवीच्या कवितांना चाली लावल्या होत्या. त्यात टेकड्या, मोहरलेली झाडं, हसरी पोरं. आणि शेवटच्या गाण्यात ती पोरं गाव सोडून निघून जातात.

ही माळ आपण गायची, असं साडूंनी ठरवलं आणि घरादाराची झोप उडाली. गाण्यात बर्फ आहे तर गळ्यालाही तो कळला पाहिजे, म्हणून भर दुपारी एसी सोळावर ठेवून, मफलर गुंडाळून रियाज चाले. आमची थोरली मेहुणी शाल पांघरून पोळ्या लाटायची. पियानोवर साथ त्यांच्या मुलीची. ती गुलाबपाणी शिंपडावं तसे अपमान शिंपडायची, तेही शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडून. "बाबा, धिस इज नॉट भजन, लाह! तो सूर हलवू नका." साडू शांतपणे म्हणत, "इंग्रजाला मुरकी सुचली नाही, त्याला मी काय करू?"

शेवटी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी अर्धा तास मिळवलाच. पहिलं गाणं संपलं आणि लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. साडूंनी हात वर केला. "मध्ये टाळ्या नकोत. ही अखंड माळ आहे." आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली! दुसऱ्यांदा कुणाच्या तरी बाळाने टाळी वाजवली. पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर श्रोते हातांवर बसून राहिले. मागे बटाटेवडे गार होत होते आणि सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होते.

शेवटचं गाणं आलं. दोन ओळी झाल्या आणि साडूंचा आवाजच फुटेना. शब्द विसरले असतील असं आम्हाला वाटलं. पियानो मात्र थांबला नाही. मुलगी खाली मान घालून वाजवत राहिली आणि हलक्या आवाजात तिने उरलेलं गाणं म्हटलं. तिला सगळं पाठ होतं. सूर कुठेही हलला नाही. साडू पियानोला हात टेकून नुसते ऐकत उभे होते.

वडे खाताना मी म्हटलं, "छान झालं हो."

"कसलं छान! शेवटचं जमलंच नाही," ते म्हणाले. "अजून एखादं वर्ष मिळायला हवं होतं."

पलीकडे मुलगी एकेका काकूच्या पाया पडत होती. पुढच्या आठवड्यात ती शिकायला सिंगापूर सोडून जाणार होती. साडूंच्या हातातला वडा तसाच होता.