सोडलेली पाळी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती घटना आठवली की मी आजही खुर्चीत सरळ होऊन बसतो. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि मी कोरेगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात आले. त्यांचा एकुलता एक मुलगा तीन दिवस घरी आला नव्हता. ठाणे अंमलदाराने मिसिंगची, म्हणजे हरवल्याची तक्रार दाखल करून घेतली. "पोरगं नोकरीच्या नादाने पुण्याला गेलं असेल," असं मीच त्यांना सांगितलं. तसं बोलल्याची लाज मला अजून वाटते.

चार-पाच दिवसांनी रहिमतपूरच्या बाजारात मी बंदोबस्तावर होतो. तिथे हवालदारांच्या गावचा गुरव मला गाठून म्हणाला, "साहेब, बारीक गोष्ट हाय, पर डोक्यातनं जाईना."

त्या गावात ग्रामदैवताला पाणी घालायचा मान भावकीतल्या घरांकडे आठ-आठ दिवस पाळीने फिरतो. त्या आठवड्यात पाळी हवालदारांच्या पुतण्याची होती. या गड्याने आजवर एकही पाळी चुकवली नव्हती. यंदा मात्र कंबर धरल्याचं सांगून त्याने ती सोडली, आणि मुलगा सुखरूप परत यावा म्हणून हवालदारांनीच ती घेतली. पहिल्या दिवशी ते गाभाऱ्याचा उंबरा ओलांडणार तोच पुतण्या पळत आला आणि त्यांचा हात धरून म्हणाला, "काका, तुमी आत जाऊ नगा. देवाला शिवू नगा." हवालदारांनी हात सोडवून घेतला आणि पाणी घातलंच.

"कंबर धरल्याला मानूस पळतोय कसा, म्हनून मी बघतच ऱ्हायलो," गुरव म्हणाला.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडकलो होतो. देवाला शिवायचं नाही, ते सुतकात. भावकीत तर कोणी गेलेलं नव्हतं. सुतक लागतं ते मरणाची बातमी कळल्यावर, आणि ती या एकट्यालाच कळलेली दिसत होती! जीप काढायला सांगताना माझा आवाज नको तेवढा चढला होता.

पुतण्याला ठाण्यात आणून चहा दिला. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोन्ही घरांत कुरबूर होती, हे मला ठाऊक होतं. पण त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. एकच विचारलं, "काकांना का अडवलंस?"

"त्यास्नी बरं नव्हतं."

"आता बरं आहे. रोज गाभाऱ्यात जातात. आज दुपारी अभिषेकही करणार आहेत."

त्याने कप बाजूला सरकवला. "साहेब, त्यास्नी थांबवा. लय मोठं पाप लागंल."

"कुणाला?"

"मला," तो म्हणाला आणि हमसून रडायला लागला.

तासाभरात पंच बोलावले. त्यांच्यासमोर त्याने निवेदन दिलं आणि गावामागच्या बंद मुरमाच्या खाणीत मुलाचा मृतदेह दाखवला. सगळे शाबासकी देत होते आणि मीही फुशारलो होतो. खाणीच्या कडेला हवालदार ताठ उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, म्हंजे मी सुतकात देवाला पानी घालत हुतो?"

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. त्यामुळे सगळी मदार मृतदेह त्यानेच दाखवला हे सांगणाऱ्या पंचांवर आणि गुरवाच्या साक्षीवर होती. मी हवालदारांना बजावलं, "साक्षीदारांशी एक शब्द बोलायचा नाही. वकील म्हणेल, पढवलेत."

"हुकूम म्हंजे हुकूम," ते म्हणाले.

साताऱ्याच्या सत्र न्यायालयात साक्षी सुरू व्हायला दोन वर्षं गेली. हवालदार प्रत्येक तारखेला पहिल्या एसटीने येत, व्हरांड्यात बसत आणि पुढची तारीख वहीत टिपून परत जात. कोणी त्यांना आत बोलावत नसे, काय चाललंय ते सांगतही नसे. शेवटी साक्षी लागल्या आणि दोन्ही पंच फितूर झाले. माझ्या साक्षीला जोड द्यायला उरला एकटा गुरव, आणि त्याला तर भावकीने सकाळपासून गराडा घातला होता.

सरकारी वकिलांनी घेतलेल्या सरतपासात गुरवाने सगळं नीट सांगितलं. मग बचावाचे वकील उठले. "'देवाला शिवू नका' हे वाक्य मुलाच्या बापाने तुम्हाला शिकवलं. देवळात रोज भेटता ना?"

गुरव भडकलाच. "कवा भेटनार? पोराचा मुडदा गावला त्या दिवसापास्नं ह्यो मानूस देवळाची पायरी चढला न्हाई! माज्या दारात आला न्हाई, रस्त्यात बोलला न्हाई. इचारा की गावाला!"

वकील खाली बसले. आनंदाने मला तिथेच ओरडावंसं वाटलं, गणवेशात होतो म्हणून आवरलं.

निकाल जन्मठेपेचा लागला. बाहेर आल्यावर मी हवालदारांचा हात धरला. "माझ्या शब्दाखातर तुम्ही देऊळसुद्धा सोडलंत, म्हणून केस टिकली."

"आवं, देवळाचं तुमी कुटं सांगितलं हुतं?" ते म्हणाले. "माजं सुतक चालू हुतं, साहेब. आज फिटलं."

दोषारोपपत्र पाठवलं की आपलं काम संपलं, असं मी तोवर समजत होतो. त्यानंतर मी व्हरांड्यात बसलेल्या आईबापांना कधी चुकवून गेलो नाही. शेजारी बसायचं, आज आत काय झालं ते सांगायचं, एवढं तरी करायचो.

पुढच्या पाळीला त्यांनी मला गावी बोलावलं. कळशी घेऊन ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आले, कोणी हात धरतंय का म्हणून क्षणभर थांबले आणि आत गेले.