बिल्डिंग पडली नाही

माझे बाबा आयुष्यभर डोंबिवलीतल्या बातम्या देत राहिले. एका मोठ्या पेपरच्या जिल्हा पुरवणीत आणि इथल्या एका साप्ताहिकात त्या छापून यायच्या, कधी नावानं, बहुतेकदा नुसत्या 'वार्ताहर' म्हणून. पाणी आलं नाही, रस्ता खणला तो बुजवला नाही, शाळेच्या फाटकापुढे कचराकुंडी आणून ठेवली, असल्या बातम्या. मोठ्या शहरातल्या पत्रकारांना ज्यांचं हसू येतं तशा. पण बंद पडलेला नळ सुरू झाला की आमच्या गल्लीतल्या बायका बाबांचं नाव घ्यायच्या.

बातमीहून जास्त वेळ त्यांचा लोकांना कुठं कुठं पोचवण्यात जायचा. कुणाला ठाण्याला कलेक्टर कचेरीत न्यायचं, कुणाला सरकारी दवाखान्यात खाट मिळवून द्यायची, कुणासाठी रक्त गोळा करायचं. अशा माणसाच्या घरच्यांना तो दिसत नाही म्हणतात. आमच्याकडे तसं नव्हतं. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं त्यांनी स्वतः केलं, आईला हात लावू दिला नाही. "माझी आई आहे, मी करतो," म्हणाले. शाळेत जाताना माझ्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. भाजीही तेच आणायचे आणि हमखास फसून यायचे. आई म्हणायची, "नगरसेवकाला शंभर प्रश्न विचारता, भाजीवाल्याला एक विचारता येत नाही?"

आमची बिल्डिंग पागडीची, म्हणजे मालक एक आणि आम्ही सगळे जुने भाडेकरू, स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ. प्रत्येक मजल्यावर पुढे लांब सामाईक गॅलरी, तिच्यात चपलांचे स्टँड, तुळशी, सायकली आणि संध्याकाळी सगळी माणसं. खाडीच्या खाऱ्या रेतीचं बांधकाम, त्यामुळे सळ्या आतून गंजत गेल्या आणि छताचे पापुद्रे सुटायला लागले. आम्हाला त्याचं काहीच वाटेनासं झालं होतं. आमटीत सिमेंट पडू नये म्हणून झाकण ठेवायचं, एवढंच.

मग एका वर्षी स्टेशनच्या पलीकडे एका जुन्या इमारतीचा जिना माणसांसकट खाली आला. बाबा बातमीला गेले. परत आले ते आधी आंघोळीला गेले, मग जेवायला न बसता खाली उतरले आणि आमच्या बिल्डिंगच्या एकेका खांबावर बोटांनी टकटक करत फिरले. मी त्यांच्या मागं मागं होते. आवाज पोकळ येत होता.

महापालिकेची 'अतिधोकादायक' अशी नोटीस आमच्या जिन्यात होतीच. कुणीतरी दरवर्षी तिच्यावर गणपतीच्या वर्गणीचा कागद चिकटवायचं. बाबांनी शहरातल्या अशा इमारतींवर लिहिलं आणि त्यात आमचीही लिहिली, गल्लीच्या नावासकट. झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं जमत आलेलं लग्न फिसकटलं, कारण मुलाकडच्यांनी पेपर वाचला. सगळ्या भाडेकरूंची बैठक बोलावण्यात आली, आणि कुठं, तर गच्चीवर. बिल्डिंग पडेल का याची चर्चा करायला झाडून सगळे तिच्याच डोक्यावर जाऊन बसले होते. तिथं तळमजल्यावरचे एक काका बाबांना म्हणाले, "दुसऱ्यांना जा म्हणताय, आधी तुम्ही निघा की. मग बघू आम्ही."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

आणि आम्ही निघालो. मानपाड्याला भाड्यानं खोल्या घेतल्या. वारा फिरला की एमआयडीसीचा वास सरळ स्वयंपाकघरात. आमच्या मागोमाग दोन-चार घरं निघाली, बाकी सगळे राहिले. घर सोडलं की हक्क गेला, अशी भीती प्रत्येकाला होती, आणि आमच्याकडे बघून ती आणखी पक्की झाली, कारण मालकानं आमच्या खोलीला स्वतःचं कुलूप घातलं. ठाण्याच्या कोर्टात केस लागली. ती अजून चालू आहे.

आईनं सामान बांधलं, पण मनानं ती तिथून हललीच नाही. "त्या दारात मी माप ओलांडलं," म्हणायची, "आणि तुम्ही लोकांच्या बोलण्यावरून ते सोडलंत."

"लोकांसाठी नाही गं. तुमच्यासाठी सोडलं," बाबा म्हणायचे.

तिला ते कधी पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटत नसे. मला वाटायचं, या माणसाला आपण लिहिलेल्या ओळीला जागायचं होतं, आणि त्यापायी आमचं घर गेलं.

कारण बिल्डिंग पडली नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, मग आम्ही मोजणं सोडलं. भाडेकरूंनी लोखंडी टेकू लावले, प्लास्टर केलं, वरून पिवळा रंग दिला. आम्ही भाड्याची घरं बदलत राहिलो आणि ती आपली उभी. बाबा बाजारात भेटले की तळमजल्यावरचे काका मुद्दाम विचारायचे, "काय साहेब, पडली का आमची बिल्डिंग?" बाबा हसून म्हणायचे, "नाही ना? बरं झालं." ते मनापासून म्हणायचे, त्याचाच मला राग यायचा. त्यांच्या जागी मी असते तर देवाला हात जोडून म्हटलं असतं, सगळे गावाला गेलेले असताना पाड, पण एकदा पाड.

ते मात्र दरवर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी तिथं जायचे. एकेका घरी बसायचे, चहा प्यायचे, पोरांच्या शाळा-कॉलेजची चौकशी करायचे आणि उठताना म्हणायचे, "यंदा तरी बघा कुठंतरी." तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. मुलगा परदेशी, गुडघे गेलेले, वर्षानुवर्षं खाली उतरलेल्या नाहीत. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला बाजार कुठं, दळण कुठं, हे त्यांनीच दाखवलं होतं. आई त्यांना काकू म्हणते. त्या बाबांना चहाबरोबर लाडू द्यायच्या आणि सांगायच्या, "माझ्या दाराला कुलूप लागलेलं मला नाही बघायचं." बाबा लाडू खाऊन परत यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा जायचे.

बाबा वारले ते ठाण्याच्या एका हॉस्पिटलात, सकाळी. हृदयविकारानं. दोन दिवस आधी त्यांनी खाटेवरून एक बातमी फोनवर सांगितली होती, गटाराच्या झाकणांची.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी आणि आई होतो. शिळफाट्याच्या आसपास गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि तेवढ्यात जुन्या बिल्डिंगमधून फोन आला. तळमजल्यावरचे तेच काका होते. रडत होते. म्हणाले, "अगं, त्यांना इकडेच आण. मालकाला फोन केला मी. त्यानं कुलूप काढून दिलंय. पोरांनी खोली झाडलीय, सतरंज्या घातल्यात. आपल्या घरून जाऊ दे त्यांना."

फोन स्पीकरवर होता. आईनं सगळं ऐकलं. दवाखान्यातून निघाल्यापासून ती पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसली आणि म्हणाली, "घरी नेऊ या."

मला तिचा चेहरा अजून दिसतो. इतक्या वर्षांत ती काही मागितल्यासारखं बोलली नव्हती. कुलूप निघालं होतं. तिला फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी जायचं होतं, नवऱ्याला त्याच्या दारातून शेवटचं न्यायचं होतं. कुठल्या मुलीनं नाही म्हणावं?

पण मी हिशेब करत होते. अर्धी डोंबिवली येणार. ज्यांना दवाखान्यात नेलं ते, ज्यांच्या नळाला पाणी आलं ते, पेपरवाले, पुढारी. सगळे जिन्यानं वर चढणार आणि गॅलरीत रांग लावणार. त्या गॅलरीत, जिच्याखाली टेकू आहेत. आणि हे कुणासाठी, तर जो माणूस वर्षानुवर्षं दारोदार जाऊन तिथं थांबू नका म्हणाला त्याच्यासाठी.

"आई, वर नाही न्यायचं."

"आज तरी," ती म्हणाली. "आज तरी त्यांची पेपरातली भाषा नको बोलूस."

"लोक किती येतील बघ. गॅलरी पेलणार नाही."

"इतकी वर्षं पडली नाही ती आजच पडणार आहे?"

लोक बाबांनाही हेच विचारायचे. मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण वर नाही." तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. गाडी सुटली, मानपाडा गेलं. मी बाबांच्या पायांवर हात ठेवून बसले होते आणि मला त्यांचा राग येत होता. हे काम ते माझ्यावर टाकून गेले होते.

बिल्डिंगसमोर रस्त्याच्या पलीकडे पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्यानं शटर ओढून घेतलं होतं. मी ड्रायव्हरला तिथं थांबायला सांगितलं आणि स्ट्रेचर गिरणीच्या पुढ्यात उतरवून घेतलं. आमच्या वॉर्डातले माजी नगरसेवक पुढं आले. "ताई, वर सगळी तयारी झालीये."

"वर कोणी जायचं नाही," मी म्हटलं. "ज्यांना बघायचंय त्यांनी खाली या."

कुजबुज झाली. पोरीला एवढंही कळत नाही, असं कुणीतरी म्हणालं, मला ऐकू येईल असं. आई बाबांच्या उशाशी खाली बसली. तिनं एकदाच मान वर करून दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. आमचं दार सताड उघडं होतं.

मग लोक उतरायला लागले. आधी तळमजला, मग पहिला. गॅलरीत उभं राहून वरून बघणाऱ्या बायका आत गेल्या, पदर नीट करून खाली आल्या. जिचं लग्न फिसकटलं होतं ती माहेरी आलेली होती, ती मुलाला कडेवर घेऊन उतरली. गच्चीवरच्या टाक्या बघणारा माणूस उतरला. शेवटी चार पोरं प्लास्टिकच्या खुर्चीत घालून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना घेऊन आली, एकेका पायरीवर थांबत. त्यांची खुर्ची बाबांच्या पायांशी ठेवली. त्या वाकू शकत नव्हत्या, म्हणून त्यांनी फक्त हात पुढं केला.

मी वर पाहिलं. एकाही गॅलरीत कोणी नव्हतं. दोऱ्यांवर कपडे होते, दारं उघडी होती, एका घरात टीव्ही चालू राहिला होता. एवढी वर्षं बाबांनी चहा पिऊन पिऊन जे सांगितलं ते त्या घटकाभर झालं होतं, आणि बघायला ते नव्हते. त्या दिवशी मी रडले ती तेव्हा.

गाडी निघायची वेळ झाली तसे लोक पांगू लागले. पोरांनी आजींची खुर्ची उचलली आणि जिन्याकडे वळली. तेवढ्यात आई उठली. ती तरातरा गेली आणि तिनं खुर्चीचा हात धरला.

"वर नका जाऊ काकू," ती म्हणाली. "माझ्याकडे चला."

आजी म्हणाल्या, "अगं, तुझंच बिऱ्हाड भाड्याचं. मला कुठं नेतेस?"

"असू दे भाड्याचं," आई म्हणाली. "रात्री झोप तरी लागेल तुम्हाला."

पोरं खुर्ची तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली, कुणाचं ऐकायचं ते त्यांना कळेना. आईनं खुर्ची सोडली नाही. मी त्यांना म्हटलं, रिक्षा बोलवा.