खेकड्याला हात करणाऱ्या काकू

दिवाळे गावाच्या खाडीवर आमचा गट खारफुटी बघायला गेला होता, तिथे या काकू होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. ओहोटीच्या चिखलात एक इवलासा खेकडा आपली एकच मोठी नांगी सारखी हलवत होता. काकूंनी त्याला मनापासून हात केला. आम्ही हसलो.

"हसताय काय? तो मघापासून हात करतोय. आपण नुसतं बघत बसायचं? बरं दिसतं का?"

गाइड हळूच म्हणाला, "काकू, तो मादीला बोलावतोय."

काकूंनी झटकन हात खाली घेतला, पदर सारखा केला. मग चिखलभर नजर फिरवली. मादी कुठेच दिसेना.

"अगं बाई," त्या कळवळल्या, "एवढं बोलावून आलं कोण, तर आपण!"

मग मात्र आम्ही सगळ्यांनीच त्याला हात केला.