खेळाडूची खुर्ची

त्या खुर्चीत मला बसवलं. समोर लांब टेबल, टेबलापलीकडे ऑफिसातली सात माणसं. बाहेर ओहायोतला २००६चा जानेवारी, पार्किंगमधला बर्फ काळा पडलेला.

"आज तू पिचर," बॉस म्हणाला. "नेहमीसारखा."

आमची कन्सल्टन्सी बेसबॉल क्लबांसाठी काम करते. सीझन संपला की खेळाडूंच्या पगाराची भांडणं सुरू. जमलं नाही तर दोन्ही बाजू एकेक आकडा देतात आणि तीन लवाद त्यातला एकच उचलतात. मधला मार्ग नाही. खेळाडू तिथेच बसलेला असतो. ज्या क्लबसाठी तो राबला, तोच क्लब त्याच्या तोंडावर सांगतो, तू एवढ्याचा नाहीस. याची आम्ही आधी तालीम करतो. खेळाडूच्या जागी कुणीतरी बसावं लागतं. तीन वर्षं मीच बसत होतो. खेळाडूंच्या कामगिरीचे ग्राफ माझेच, बोलणी खाणाराही मीच.

त्या दिवशी पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, चिरफाड संपली. बॉसनं फाइल मिटली आणि गंमत म्हणून माझ्यावर आला.

"आता हा खेळाडू. उच्चार कळत नाहीत. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. व्हिसा आपल्या हातात, म्हणजे दुसऱ्या टीमकडे जायची सोय नाही. असाच माणूस हैदराबादेत पाव किमतीत मिळतो. जेंटलमेन, हा एवढ्याचा नाही."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं समीर. पुण्याचा, माझ्याच भाषेचा. पहिल्या दिवशी त्यानं मला आडनाव विचारलं होतं, आणि ऐकून नुसतं "अच्छा" म्हणाला होता. ते अच्छा मी ओळखतो. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं ऐकलंय. तिथे मला कुणी मार्क विचारायचं नाही, कोटा विचारायचे. म्हणून इथे आल्यावर मी आडनावच गिळून टाकलं. रिपोर्टखाली फक्त आद्याक्षरं. वाटलं, एवढा समुद्र ओलांडला, आता सुटलो. कसला सुटतोय.

आणि मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

घरी सोडताना समीर गाडीत म्हणाला, "यार, मनावर नको घेऊस. जोक होता. तुझे ग्रीन कार्डचे पेपर्स त्याच्या सहीसाठी पडलेत ना? फाइल होईपर्यंत गप बस."

काळजीनं म्हणाला की बजावून, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिचरचा ग्राफ उघडला. ऑगस्टपासून रेघ खाली कोसळलेली. तिथे मी एक तळटीप दिली होती. खांदा दुखावलेला असताना क्लबच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन खेळवलं. बॉसनं ती काढायला सांगितली. मी काढली. एका क्लिकमध्ये. पोरगा जेमतेम सव्वीसचा. खऱ्या खुर्चीत बसून तो आपली ही रेघ बघणार होता. रेघ माझ्या हातची. मला शिसारी आली. स्वतःचीच.

गुरुवारी शेवटची तालीम. बॉसनं पेन्सिलीनं खुर्ची दाखवली.

"नो," मी म्हणालो. "आय वोन्ट सिट देअर."

कुणी हसलं नाही. समीर वहीत बघत होता.

"युअर पेपर्स आर ऑन माय डेस्क," बॉस म्हणाला. अगदी हळू. हसत.

त्यानं मला लगेच काढलं नाही. दयेनं नव्हे. लवादांनी विचारलं तर ते ग्राफ समजावून सांगणारा दुसरा कुणी ऑफिसात नाही, आणि सोमवारच्या सुनावणीला मी लागणारच. शुक्रवारी फाइलच्या प्रती छापून, बांधून सुनावणीच्या, फ्लोरिडातल्या हॉटेलात पाठवायचं काम नेहमीसारखं माझ्याकडेच आलं. मी ते केलं. छापण्याआधी तळटीप होती तिथे परत घातली.

पेपर्स अजून त्याच्या टेबलावर आहेत. आता सही होणार नाही. व्हिसाही जाईल, घर आवरावं लागेल. भीती वाटते. खोटं कशाला बोलू.

सोमवारी दहा वाजता बॉस लवादांसमोर ते पान उघडेल. पिचर समोर बसलेला असेल. हे कुणी लिहिलं, असं लवाद विचारतील. मी उभा राहीन. तळटीपेखाली माझं नाव आहे. पूर्ण. आडनावासकट.