घरात होडीचा शब्द काढायचा नाही!

चहा घ्या, पण एक अट हाये. मी सांगून राह्यले तंवर कोणी हसायचं नाही. जो हसला त्याचा कप मी काढून घेईन, मंग तो अर्धा पिऊन झालेला का असेना!

नाही तरी हा किस्सा गावानं उलटून पालटून, मसाला लावून, चांगला कुरकुरीत केलेला हाये. कोणी सांगते मी कुऱ्हाड घेऊन धावले, कोणी सांगते मी पेटवून दिलं. खोटं हाये सारं! चूक माही हाये, तं सांगायचा मान बी माहाच.

आता मले राग येते, हे तुम्हाले ठाऊक हाये. येते म्हणजे काय, तो जातच नाही, तं येईन कुठून?

आमचं घर धरणाच्या काठाले. आमचे हे अन् माहा दीर गजाभाऊ, दोघं पाण्यात जाळं टाकतात, अन् मी डोणगावच्या बाजारात मासोळी विकते. होडी लोखंडी पत्र्याची. माह्या लग्नाच्या साली गावातल्या वेल्डिंगवाल्यानं केलेली. माहे दात पडले, तिचा तळ गेला. उन्हात उलटी ठेवली अन् खाली वाकून पाह्यलं का भरदिवसा चांदण्या दिसत! अन् मशीन? त्याची दोरी ओढून ओढून गजाभाऊचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड झाला.

आता हिचं करायचं काय? जेवायले बसलं का हेच.

आमचे हे म्हणत, "चार जागी पत्र्याचे जोड मारू, डांबर फासू. अजून पाच वर्षं मरण नाही तिले."

गजाभाऊ म्हणत, "दादा, होडी चांगली हाये. मशीन बदलवा. नवं मशीन बसवलं का पाहा कशी पळते!"

मी म्हणे, "गजाभाऊ, या पत्र्याले नवं मशीन बसवाल तं मशीन पुढं जाईन अन् पत्रा मागं राहीन! मोडीत घाला तिले. नवी फायबरची घ्या."

"इतक्यात नवी?" हे म्हणत.

"इतक्यात? माहे केस पांढरे झाले!"

मंग हे भाकर मोडत, गजाभाऊ कांदा फोडत, अन् ठरे काय? काहीच नाही! तीन महिने हेच! मले सांगा, डोकं फिरणार नाही तं काय होईन?

त्यात एका बाजाराच्या दिवशी मशीन भर पाण्यात बंद पडलं. तळातून पाणी वर यून राह्यलं, एक जण डब्यानं उपसून राह्यला, दुसरा वल्हं मारून राह्यला. मी काठावर टोपलं घेऊन सकाळपासून उभी! हे आले दुपारी. तंवर मासोळीनं डोळे पांढरे केले, अन् मी लाल.

डोणगावले पोचले तं बाजार उलगत आलेला. माह्या शेजारी तुळसाबाई बसते, आमच्याच गावची, भीमरावची बायको. तिचा माल केव्हाच खपला होता. माहे रोजचे गिऱ्हाईक तिच्या पुढून पिशव्या भरून जाऊन राह्यले होते, अन् ही बाई मले काय म्हणते?

"वच्छाबाई, आज लय उशीर केला वं? होडी बुडाली का काय?"

ती हसली. हसली वं ती!

घरी आले अन् टोपलं असं आपटलं का कोंबड्या छपरावर गेल्या. म्हटलं, "झालं! आजपासून या घरात होडीचा शब्द काढायचा नाही! जो काढीन, त्याच्या ताटात भाकर पडणार नाही! अन् मी तुमच्या दोघांशी बोलणार बी नाही!"

अन् नाही बोलले. मी जे काय बोले ते बकरीशी. "बकरे, भाकर झाली. ज्याले जेवायचं त्यानं जेवावं." बकरी माह्याकडं पाहे, हे बकरीकडं पाहत.

चौथ्या दिवशी आमच्या यायनं हिंमत केली. म्हणे, "ऐक नं. आपली ती हो..."

मी उलथनं उचललं. "हो काय?"

"हो... होळी."

"होळी होऊन दोन महिने झाले!"

मंग गजाभाऊ पुढं आले. "वयनी, दादाले म्हणायचं हाये का आम्ही उद्या ते घेऊन जाऊन राह्यलो."

"काय घेऊन?"

"ते... जे पाण्यावर चालते ते."

"मले कोडी घालता? जेवायचं नाही वाटते आज!"

दोघं खाली मुंडी घालून जेवले. मले वाटलं, जिरली. आता तुम्हीच सांगा, मले काय सपन पडणार होतं का या दोघायनं तिकडं एकमतानं ठरवून टाकलं होतं म्हणून?

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं ट्रॅक्टरवर बसून गेले. कुठी जाता, मी इचारलं नाही. अबोला म्हणजे अबोला! पण मी बी काही कमी नव्हते. बाजारातच मी सलीमभाईले सांगून ठेवलं होतं. सलीमभाई म्हणजे डोणगावचा भंगारवाला, लय सरळ माणूस. त्याले म्हटलं होतं, "आमची होडी कापून घेऊन जा. यायचं काही ठरत नाही, म्हणून मी ठरवलं."

तो दुपारी चारच्या सुमाराले टेम्पो घेऊन आला. गॅसची टाकी, कटर, सारं सामान. मी त्याले घेऊन काठावर गेले. आमच्या लिंबाखाली, रोजच्या जागी होडी उलटी पडलेली. मी बोट दाखवलं.

"कापा!"

सलीमभाईनं होडीभोवती एक चक्कर मारली. "भाभी, भाऊ कुठी हाये? त्यायले इचारलं?"

"त्यायले इचारण्यातच तं तीन महिने गेले! होडी आमची हाये, मी घरातली हाये. कापा!"

त्यानं पत्र्यावर हात फिरवला. "लेकिन भाभी, डांबर तं ताजं दिसून राह्यलं. हाताले लागून राह्यलं."

झालं! माह्या अंगाचा भडका! "पाहा! पाहा सलीमभाई! मी नाही म्हटलं, तरी चोरून डांबर फासलं! माह्या पाठीमागं!"

त्यानं बोटाच्या गाठीनं पत्रा वाजवला. "अन् पत्रा बी मजबूत हाये भाभी. सोच लो."

"म्हणजे जोड बी मारले! त्यायच्या मनासारखं सारं करून टाकलं अन् मले मुक्या जनावरासारखं ठेवलं! आता तं कापाच!"

बिचाऱ्यानं आणखी एकदा इचारलं, "पक्की यही हाये नं?"

मी म्हटलं, "माह्या लग्नापासून पाहून राह्यले मी तिले. मले वळखू येणार नाही?"

कटर पेटला. निळी ज्योत पत्र्यावर धरली अन् डांबराचा काळा धूर निघाला. खोटं कशाले सांगू, मले लय बरं वाटलं! पहिला तुकडा पडला तवा म्हटलं, हा उशीर झालेल्या बाजाराचा. दुसरा पडला, म्हटलं हा होळीचा. तिसरा पडला, म्हटलं हा तुळसाबाईच्या हसण्याचा.

इतक्यात ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला.

वळून पाहते तं आमचे हे ड्रायव्हरच्या बाजूले, अन् गजाभाऊ मागं ट्रॉलीत उभे. दोन्ही हात हलवून राह्यले, जसे काही निवडून आले! त्यायच्या मांडीजवळ एक होडी. निळ्या रंगाची. मागं कोरं मशीन, मशीनले झेंडूचा हार.

माह्या मनात पहिलं काय आलं सांगू? राग! म्हटलं, नवी होडी घेतली अन् मले इचारलं नाही!

मंग ट्रॉली जवळ आली अन् मले त्या होडीच्या नाकावरचा पोचा दिसला. तो पोचा मी वळखते. नवी नवरी असताना हौसेनं वल्हं हाती घेतलं अन् होडी खडकाले नेऊन धडकवली, तवाचा तो पोचा. निळ्या रंगाखाली बी लपला नव्हता.



हे खाली उतरले. धूर पाह्यला, तुकडे पाह्यले, मले पाह्यलं. "हे काय कापून राह्यले?"

मी म्हटलं, "आपली होडी."

हे म्हणाले, "आपली तं ट्रॉलीत हाये."

सलीमभाईनं हळूच कटर बंद केला. मंग मीच इचारलं, "मंग ही कोणाची?"

सांगायची गरज पडली नाही. वाटेनं तुळसाबाई धावत यून राह्यली होती, पदर खांद्यावरून सुटलेला, मागं भीमराव.

"वच्छे! माह्या पोटावर कटर फिरवला वं तू! काय बिघडवलं होतं मी तुहं?"

आता शहाणी बाई असती तं पाय धरले असते का नाही? पण मी काय म्हटलं? "आमच्या लिंबाखाली तुमची होडी काऊन ठेवली?"

"तुह्या माणसाले इचारून ठेवली! तुमची होडी दुरुस्तीले जाणार, जागा रिकामी, सावलीत डांबर वाळीन म्हणून! पहाटेपासून फासलं आम्ही दोघायनं. तुले तुह्या माणसानं सांगितलं नाही?"

मी यायच्याकडं पाह्यलं. डोळ्यानंच इचारलं, काऊन नाही सांगितलं?

हे म्हणाले, "कसं सांगू? शब्द काढायचा नव्हता."

दोन्ही होड्या एकाच वेल्डिंगवाल्यानं, एकाच मापानं केलेल्या. उलट्या ठेवल्या का पाठमोऱ्या म्हशींसारख्या, सांगा बरं कोणती कोणाची! पण हे ऐकून घेणार कोण? तंवर अर्धं गाव जमलं होतं, अन् मागून एक जण बोललाच, "बाजारात गिऱ्हाईक तुटलं, म्हणून हिनं होडी तोडली." मी बोलणाऱ्याले शोधाले वळले, दोन शिव्या बी तयार ठेवल्या होत्या. पण मधात भीमराव दिसला.

तो उकिडवा बसून तुकडे गोळा करून राह्यला होता. एक तुकडा दुसऱ्याले लावून पाहे, जसा काही जुळणार होता. त्याच्या हाताले पहाटेचं डांबर तसंच होतं.

इतक्या वर्षांत माहा राग साऱ्या जगावर निघाला, पण त्या दिवशी पह्यल्यांदा तो मागं फिरला अन् माह्याच अंगावर आला. अन् सांगते, लय वाईट चावते तो!

मी यायले म्हटलं, "ट्रॉलीतली होडी इथं उतरवू नोका. तुळसाबाईच्या घरापुढं उतरवा."

गजाभाऊनं मशीनले मिठीच मारली. "वयनी, मशीन तरी काढून घ्या! नारळ बी फोडला नाही अजून!"

"मशीनासकट!"

तुळसाबाई डोळे पुसत म्हणाली, "आम्हाले मशीन नोको वच्छाबाई. आम्ही वल्ह्यावर चालवत होतो. होडी दे, बस."

आता बाई चांगलं बोलून राह्यली होती. मी बी चांगलंच बोलाले गेले, पण निघालं काय? मी तिच्या अंगावर ओरडले, "घे म्हटलं नं! घेत काऊन नाही? मी माफी मागून राह्यले, समजत नाही का तुले?"

तिनं दचकून घेतलं.

पुढचे काही दिवस आमचे हे अन् गजाभाऊ भीमरावच्या होडीत बसून जात. आमच्याच होडीत, पाहुणे म्हणून! गजाभाऊ मशीनाची दोरी ओढाले गेले का भीमराव म्हणे, "राहू द्या, मी ओढतो." अन् बाजारात तुळसाबाई मोठ्यानं ओरडे, "घ्या बाई घ्या, निळ्या होडीची ताजी मासोळी!" मी शेजारी त्याच होडीची मासोळी घेऊन बसलेली. ओठ असा चावून धरे का जेवताना तिखट लागे.

शेवटी आम्ही फायबरची नवी होडी घेतली. पैसे कुठून आणले ते इचारू नोका, मले राग येते. पण पाहा, यायच्या म्हणण्याप्रमाणं दुरुस्ती झाली, गजाभाऊच्या म्हणण्याप्रमाणं मशीन बदललं, अन् माह्या म्हणण्याप्रमाणं नवी होडी आली. तिघांचंही खरं झालं! फक्त पह्यल्या दोन गोष्टी भीमरावकडं गेल्या.

होडी आली त्या दिवशी पेंटर बोलावला होता. ब्रश रंगात बुडवून तो म्हणाला, "बोला, नाव काय टाकू?"

मले वाटलं, हे देवाचं नाव सांगतीन. पण हे म्हणाले, "हिचंच टाक. वत्सला. दोन्ही बाजूनं, अन् मोठ्या अक्षरात."

काय सांगू, माह्या अंगावर काटा आला! इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं माह्यासाठी गजरा आणला नाही, अन् आज साऱ्या धरणावर माहं नाव मिरवणार! डोळ्यात पाणी आलं. मी पदर तोंडाले लावला अन् लाजून म्हटलं, "अहो, इतकं मोठं कशाले?"

हे पेंटरकडं पाहत म्हणाले, "मोठंच टाक गा. लांबून वाचता आलं पाह्यजे, म्हणजे हिले कळीन आपली कोणती ते!"