नेऱ्याला परतलेला माणूस

पनवेलच्या एसटी स्टँडवर मॉरिशसहून आलेल्या एका वृद्धाने मला नेऱ्याची वाट विचारली. त्याच्या हातात पणजोबांच्या करारनाम्याची झेरॉक्स होती. मला राहवेना, मीही त्याच्या रिक्षात बसलो.

"पणजोबांना ऊस तोडायला पाच वर्षांसाठी नेलं होतं," तो जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाला. "एक दिवस आजारी पडला, तर दोन दिवसांची मजुरी कापत. परत येऊच दिलं नाही."

नेऱ्यात करारनाम्यावरच्या आडनावाचं कुणीच उरलं नव्हतं. तरी तो झाडांची नावं विचारत, बांधावरची माती चुरगळत हिंडला. शेवटी एका म्हातारीला त्याने सगळी हकिकत सांगितली.

"एवढ्या लांबून आलाव," ती म्हणाली, "जेवलाव का नाय?"

"नाही," तो म्हणाला, आणि तिच्या ओटीवर मांडी घालून बसला.