साडूंची नेमणूक

स्वतःच्याच दुकानात नोकरीसाठी रीतसर अर्ज करणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये एकच निघेल, आणि तो माझा साडू आहे. तीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना विभागात त्यांनी इतरांच्या नेमणुका, रजा आणि बढत्या सांभाळल्या; जीव मात्र पहिल्यापासून मिक्सर-पंख्यांत. पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी स्टेशनपासून सात मिनिटांवर सहा बाय आठचा गाळा भाड्याने घेतला, परवाना काढला, पाटी लावली. यानंतर लोक नारळ फोडतात. साडूंनी भरती काढली. "मालक मी, हे ठीक. पण कारागीर म्हणून मला घ्यायचं की नाही, हे मीच ठरवलं तर पक्षपात होईल, साडूभाऊ," असं म्हणून त्यांनी मुलाखतीला मला आणि माझ्या थोरल्या मेहुणीला, म्हणजे स्वतःच्याच बायकोला, बसवलं. ताईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "घरचा पंखा आठ दिवस करकरतोय, त्याचं काय?" उमेदवार शांतपणे म्हणाले, "प्रश्न विषयाला सोडून आहे." सहा महिने प्रोबेशनवर घेऊ, असं मी थट्टेत म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. आणि ठरवलं : कायम झालो तर दुकान, नाहीतर गाळा परत करून ओळखीच्या एका ऑफिसात पुन्हा फायली. निघताना ताई दारात हळूच म्हणाल्या, "ते खरंच तसं करतील हो. फायलींत असताना घरी आले की बोलायचे नाहीत. आता जेवताना बडबडतात. तेवढं बघा." मी म्हटलं, "बघतो, पण खोटं लिहिणार नाही."

ते सहा महिने साडूंनी स्वतःला जितकं छळलं, तितकं त्यांच्या कुठल्याही साहेबाने त्यांना छळलं नसेल. दहा मिनिटं उशीर झाला की स्वतःला मेमो. खुलासाही स्वतःच लिहायचे आणि 'समाधानकारक नाही' म्हणून फेटाळायचे. दात काढायला गेले तेव्हा शटरवर कागद होता : 'कर्मचारी रजेवर आहे. – मालक.' एकदा एक काकू बंद मिक्सर घेऊन आल्या. साडूंनी भांडं उचलून नीट बसवलं, मिक्सर सुरू झाला. त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि वहीत नोंद केली : 'काम केले नाही.'

सहा महिन्यांनी ती वही माझ्यासमोर आली. दुरुस्त्या दोनशे चौदा, परत आलेल्या अकरा. खाली पेन्सिलीने त्यांचाच शेरा : 'शिफारस नाही.' "अकरा चुका! आमच्या विभागात असा माणूस ठेवला नसता," ते म्हणाले. मी नातं बाजूला ठेवून पानं पुन्हा चाळली, एकेक नाव ताडून पाहिलं. त्या अकरांपैकी नऊ जण नंतर दुसरी वस्तू घेऊन याच दुकानात आले होते. कोणी इस्त्री, कोणी कुकर. भांडायला आलेलं गिऱ्हाईक ज्याच्याकडे पुढच्या महिन्यात घरातली आणखी एक वस्तू विश्वासाने ठेवून जातं, त्या कारागिराला नापास करणं माझ्या हिशेबात बसेना. पेन्सिल खोडून मी शाईने लिहिलं : 'कायम करावे.'

साडूंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "इतकी वर्षं हे मी दुसऱ्यांसाठी लिहिलं," ते म्हणाले. "माझा कागद टपालाने आला होता. समोर बसून कोणी नाही लिहिला."

माझ्या निवृत्तीला आता चार वर्षं उरली आहेत. परवा नाहूरला घरी जाता जाता दुकानात डोकावलो, तर उघड्या मिक्सरवरून मान न उचलता त्यांनी विचारलं, "हाताने काय येतं हो तुम्हाला?"

"हिशेब."

"तो डोक्याने. हाताने?"

शाळेत असताना मी वेताच्या खुर्च्या विणायला शिकलो होतो, हे पार घराजवळ आल्यावर आठवलं. वेत हल्ली कुठे मिळतो, ते विचारायला हवं.